अठरा टेकू

१

जुनं घर तपासायला आलेला सुतार आधी छपराकडे मान वर करून बघतो, नाहीतर खिडक्या ठोकून बघतो. गार्लंड पार्डी तसलं काही करत नसे. गाडीतून उतरायचं, हवापाण्याच्या दोन गोष्टी करायच्या आणि थेट गुडघ्यांवर बसून घराखाली शिरायचं, ही त्याची रीत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरच्या घरांना पाया कसला असणार. खाली नुसता खडक. खडकावर लाकडी टेकू उभे करायचे आणि त्यांवर घर ठेवायचं. गार्लंडच्या वरच्या खिशात पत्त्यांच्या कुठल्याशा जुन्या जोडातली इस्पिकची दुर्री असे. प्रत्येक टेकूचं डोकं आणि घराची तळाची तुळई यांच्या मध्ये तो ती सरकवून बघे. अडली, तर टेकू भार घेतोय. आरपार गेली, तर टेकू झोपा काढतोय. कुठल्याही घरात दोन-चार झोपाळू निघायचेच, त्याचं काही विशेष नाही, असं तो म्हणे.

सेलिना बरी अंगणात हाताची घडी घालून उभी होती. वय बासष्ट, गँडरच्या शाळेत पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त. घर तिच्या बापाचं, मग एफी आत्याचं. आत्या मार्चमध्ये गेली, एक्क्याण्णवाव्या वर्षी, आणि जाताना घर भाचीच्या गळ्यात घालून गेली. आता सेलिनापुढे दोन रस्ते होते. एक माणूस जागा मागत होता. तो घर पाडून उन्हाळ्यातला बंगला बांधणार होता आणि त्याला शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. नाहीतर घर तळापासून दुरुस्त करायचं, म्हणजे सेलिनाची सगळी पुंजी आणि अंगात उरलेली ताकद त्यात घालायची. तिची मुलगी अल्बर्टाहून रोज फोन करून सांगत होती की विकून मोकळी हो.

खरं सांगायचं तर सेलिनाला या घराचा रागच होता. साठ वर्षांपूर्वी डन्स आयलंडवरची वस्ती उठली, तेव्हा बाकीच्यांसारखं हेही घर बेटावरून पाण्यात ढकललं, तरंगत खाडीपार आणलं आणि दोरांनी ओढत या उतारावर चढवलं. ते जागेवर पोचलं, त्याच घटकेला तिचा बाप ह्यूबर्ट अंगणात कोसळला आणि गेला. ती तेव्हा दोन वर्षांची. तिच्या आईनं या घरात पुढे कधी पाऊल टाकलं नाही. रस्त्यानं जाताना ती तोंड फिरवून जायची.

पाऊण तासानं गार्लंड घराखालून बाहेर आला. गुडघे झटकले नाहीत, टोपी काढून हातात धरली.

"बाई, टेकू अठरा आहेत," तो म्हणाला.

"मग?"

"अठराच्या अठरा झोपलेत."

२

सेलिनानं स्वतः खाली वाकून बघितलं. शाळेतली पोरं प्रयोगाचं उत्तर ढापायची ते तिला लगेच कळायचं. गार्लंडचं ऐकून ती गप्प बसणार थोडीच. पत्ता पहिल्या टेकूवरून सरकला. दुसऱ्यावरून सरकला. चौथा टेकू तर खाली इतका कुजला होता की हलणाऱ्या दातासारखा हातानं डुगडुगत होता. प्रत्येकाच्या वर बोटभर फट, आणि फटीतून पलीकडचं गवत दिसत होतं. फक्त समुद्राकडच्या कोपऱ्यात फट बारीक होती, जेमतेम पत्ता जाईल एवढी.

मग चूल घर तोलत असेल, तिनं सुचवलं. गार्लंडनं सांगितलं की चुलीचं धुराडं पत्र्याचं आहे, तेच छपराला लटकतंय. पायरी? पायरी घरापासून वेगळी, मध्ये वीतभर जागा. पाण्याचा पाइप रबरी. सेलिनाला एकेक कारण सुचत गेलं आणि गार्लंड एकेक खोडत गेला, पण त्यात त्याला काही मजा येत असावी असं वाटलं नाही.

"मग हे घर उभं कशावर आहे?" तिनं अखेर विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. मास्तरीण तुम्ही," गार्लंड म्हणाला.

३

दोघं आत गेली. सेलिनाची अपेक्षा होती की एवढ्या जुन्या घरात जमीन उताराला लागली असेल, दारं अडत असतील, फळ्या कुरकुरत असतील. तसं काही नव्हतं. स्वयंपाकघराचं दार एका बोटानं उघडलं आणि जिथं सोडलं तिथं थांबलं. भिंतीवरच्या तसबिरी कुणी नुकत्याच सरळ केल्यासारख्या होत्या. गार्लंडनं पाणसळ टेबलावर ठेवली, जमिनीवर ठेवली, खिडकीच्या चौकटीवर ठेवली, आणि बुडबुडा दर वेळी बरोबर मधोमध आला, समुद्राकडच्या खिडकीत तेवढा केसभर ढळला. नवं घरसुद्धा इतकं सरळ नसतं, असं तो पुटपुटला.

सेलिनानं नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि पेला टेबलावर ठेवला. पाणी थरथरत होतं. अगदी बारीक, पेल्याच्या कडेपासून मधोमध वर्तुळं येत होती आणि विरत होती, विरायच्या आत पुढची येत होती. समुद्राच्या लाटा, तिनं स्वतःला सांगितलं, खडकातून येत असतील. पण ती शिकवायची तेव्हा हेच सांगायची की लाटेला ताल असतो. या थरथरीला ताल नव्हता. मध्येच ती वाढे, मग कमी होई, मग पुन्हा वाढे.

तिला आत्याच्या खोडी आठवल्या. लहानपणी आईला चोरून ती इथं यायची तेव्हा आत्या दारातच सांगायची, हळू ये गं, हळू बस. माडीवर दोनापेक्षा जास्त माणसं चढलेली आत्याला खपायची नाहीत. पियानो कुणी फुकट देऊ केला तर तिनं नको म्हणून सांगितलं. घरात कपाट नाही, पेटारा नाही. कपडे खुंट्यांवर, सामान पुठ्ठ्याच्या खोक्यांत. स्वतः जन्मभर काडीसारखी राहिली आणि पावाचा दुसरा तुकडा घेतला तर जिना चढताना ओशाळायची. सगळी खाडी तिला चिक्कू म्हणायची. सेलिनाही म्हणायची.

आता ती टेबलाला टेकून उभी होती, आणि तिच्या नकळत तिनं आपला भार हातांवरून काढून घेतला.

४

दुपारी गार्लंडनं गाडीतून गवंडीकामाची दोरी काढली. घराच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला सेलिना, दोरी घराखालून दोघांच्या हातांत ताणलेली. टेकूंची डोकी आणि तुळई यांच्यामधल्या फटीतून ती घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. कुठंतरी अडेल, गार्लंड म्हणाला. जिथं अडेल तिथं घर टेकलंय, आणि मग रात्री मला झोप लागेल.

दोघं चालू लागली. दोन हात अंतर गेल्यावर दोरी सेलिनाच्या बाजूला अडली. तिला इतकं हायसं वाटलं की ती हाक मारणारच होती. पण तेवढ्यात दोरी सुटली. तुटली नाही, निसटली नाही. केर काढणाऱ्यासाठी कुणी पाय उचलावा आणि केरसुणी पुढे गेली की परत ठेवावा, तशी ती जाऊ दिली गेली. ती पुढे सरकली. आणखी दोन हात अंतर गेल्यावर पुन्हा अडली, क्षणभर थांबली आणि पुन्हा जाऊ दिली गेली.

सेलिनाच्या समोर तुळई होती, तुळईखाली उन्हातली मोकळी हवा होती आणि हवेत काही नव्हतं. तिनं मोजायला सुरुवात केली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना. घराच्या त्या टोकाला पोचेपर्यंत दोरी तिच्या बाजूला सोळा वेळा अडली.

"तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

"सोळा," गार्लंड म्हणाला. त्यानं दोरी गुंडाळली आणि तो गवतात बसला. मग म्हणाला की तो पन्नास मैलांवरचा, इथलं त्याला काही ठाऊक नाही. पण त्या वेळचं कुणी हयात असेल तर त्याला विचारावं.

५

हयात एकच होता. ओबेडाया स्टर्ज, खाडीतला सगळ्यांचा ओबेकाका, घर ओढणाऱ्यांतला सगळ्यात धाकटा. तेव्हा एकोणीस वर्षांचा, आता ऐंशीला टेकलेला. सेलिना त्याच्याकडे गेली तेव्हा तो खिडकीशी बसला होता. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर, बोटं अर्धवट वळलेली. तिनं त्याला कायम असंच पाहिलं होतं. कोळ्यांचे हात म्हातारपणी वळतात, त्यात नवल काही नाही.

तिनं टेकूंचं सांगितलं, दोरीचं सांगितलं. समुद्राकडच्या कोपऱ्यात फट बारीक असल्याचं ऐकल्यावर ओबेकाका ओशाळला.

"तो कोपरा माझा," तो म्हणाला. "वसंतापासून खांदा दुखतोय गं. तरी धरलंय."

मग त्यानं तिला सांगितलं. घर वर ओढून झालं की शेवटचं काम हातांचं असे. सगळ्यांनी तुळईला हात घालून घर वीतभर उचलायचं, पोरांनी खाली टेकू सरकवायचे, आणि मग पुढाऱ्यानं हाळी दिली की सगळ्यांनी एकदम टेकवायचं. हाळीआधी कुणी हात सोडायचा नाही. एकानं जरी सोडला तरी शेजाऱ्याची बोटं गेलीच. पुढारी ह्यूबर्ट होता. बत्तीस जणांनी घर उचललं, टेकू लागले, ह्यूबर्टनं हाळी द्यायला छाती भरून श्वास घेतला आणि तो तसाच खाली गेला.

"आम्ही सगळे त्याच्याकडे धावलो," ओबेकाका म्हणाला. "मयताच्या रात्री कुणीतरी विचारलं, घर टेकवलं कुणी? प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं टेकवलं असेल. मी धावलो ते आठवतं मला. हात सोडल्याचं आठवत नाही."

त्यानं आपल्या तळव्यांकडे बघितलं. बाकीचे एकतीस एकेक करून गेले, तो म्हणाला, आणि एकाचेही हात पेटीत छातीवर घडी होईनात. वर झाकण बसावं म्हणून कडेला ठेवावे लागले, असे, तळवे वर. एफीनं पुष्कळदा अंगणात उभं राहून हाळी देऊन पाहिली. पण तिचा आवाज चिमणीएवढा. ह्यूबर्टचा आवाज एका बेटावरून दुसऱ्या बेटावर ऐकू जायचा.

"तुझ्या आईनं मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप केलं होतं त्या दिवशी," तो म्हणाला. "घर टेकलं की ओढणाऱ्यांना आत बोलावून वाढायचं असतं. ते तसंच राहिलं. नंतर समुद्रपक्ष्यांनी खाल्लं."

सेलिनानं विचारलं, हाळी काय असते? त्यानं सांगितली. अगदी साधी होती.

६

गुरुवारी दुपारी ती एकटीच घराकडे गेली. तिनं स्वतःला बजावलं की म्हातारा माणूस आहे, साठ वर्षांची गोष्ट आहे, आणि दुःखात माणसं काहीबाही आठवतात. तुळई कुठं कुजली आहे का तेवढं हातानं चाचपून बघायचं आणि संध्याकाळी त्या माणसाला होकार कळवायचा.

लांबच्या बाजूला, दोन टेकूंच्या मध्ये ती वाकली आणि दोन्ही तळवे वर करून तुळईखाली घातले. लाकूड कोरडं होतं, थंड होतं, घट्ट होतं. मग तिच्या करंगळीशेजारी काहीतरी सरकलं. गर्दीच्या बाकावर कुणी नव्या माणसाला जागा करून द्यावी तसं ते किंचित बाजूला झालं आणि तिच्या हाताला लागून राहिलं. ते ऊबदार होतं. त्याची कातडी दोरानं घट्टे पडलेल्या माणसासारखी खरखरीत होती. आणि ते थरथरत होतं, न थांबता. कधी वाढत होतं, कधी दात ओठ खाऊन आवरल्यासारखं कमी होत होतं. पेल्यातल्या पाण्याची थरथर तिनं लगेच ओळखली.

ती ओरडली नाही. भीती वाटली, पण भीती मागे उभी राहिली आणि तिच्यापुढे दुसरंच काही आलं. पस्तीस वर्षं तिनं पोरांना शिकवलं होतं की वजन म्हणजे काय, आणि वजन म्हणजे काय हे तिला आज कळत होतं. साठ हिवाळे, बर्फ छपरावर साचलेलं, वारा, आत्याच्या पावाचा दुसरा तुकडा. एवढं सगळं कुणीतरी धरून ठेवलं होतं, कारण त्यांना धरा म्हणून सांगितलं होतं आणि सोडा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. इतकं मोठं काही तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि आताही ती ते पाहत नव्हतीच. तिचे डोळे भरून आले. तिनं नकळत हात वर दाबले, जमेल तेवढा भार उचलायला, आणि शेजारची थरथर निमिषभर थांबली.

घराचा राग तिला पुन्हा आठवायचा म्हटलं तरी आठवेना. या हातांवर यंत्र चालवू देणं आता तिला शक्य नव्हतं. आणि हाळी आत्ताच द्यावी, तर कुजक्या टेकूंवर घर कोसळलं असतं आणि त्यांचे साठ वर्षांचे कष्ट मातीला मिळाले असते. म्हणजे दुरुस्तीचं काम काढायलाच हवं होतं. तिनं जागा मागणाऱ्या माणसाला नाही म्हणून कळवलं. मग मुलीला कळवलं, आणि मुलगी बरंच काही बोलली.

७

गार्लंडनं काम घेतलं, पण त्याची एक अट होती. आधी टेकू; छप्पर, खिडक्या, बाकी सगळं नंतर. जन्मात पहिलंच घर बघतोय ज्याला उचलायला जॅक लावावा लागत नाही, असं तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न करून त्यानं तो सोडून दिला.

टेकूंना त्याला तीन आठवडे लागले. जुना टेकू काढायचा, खडक साफ करायचा, लाल लार्चचा नवा ओंडका असा कापायचा की तुळईखाली इस्पिकची दुर्री जेमतेम जाईल. घर फार उंचावरून खाली येता कामा नये. सेलिना रोज आत्याच्या चुलीवर त्याला चहा करून द्यायची आणि खिडकीतून त्याची बडबड तिला ऐकू यायची. घराखाली तो टोपी काढून शिरायचा. जरा सरका, म्हणायचा. झालंच बघा, म्हणायचा. एवढा एक लावला की संपलं, म्हणायचा. त्याला उत्तर आल्याचं तिला कधी ऐकू आलं नाही.

अठरावा टेकू समुद्राकडच्या कोपऱ्यात बसला तो नोव्हेंबरातला रविवार होता. आकाश निरभ्र, वारा पडलेला. गार्लंडनं ओबेकाकाला गाडीतून आणून फाटकाशी खुर्चीत बसवलं. आत चुलीवर तिघांपुरतं वाटाण्याचं सूप ठेवलेलं होतं, खारवलेलं मांस घालून. घरात दुसरं पातेलंच नसल्यामुळे ते एका अवाढव्य पातेल्याच्या तळाशी होतं. पातेलं जिन्याखाली पालथं घातलेलं सापडलं होतं.

"काका, मी हाळी दिली आणि तुम्हालाच काही झालं तर?" सेलिनानं विचारलं.

"व्हायचं ते होईल," ओबेकाका म्हणाला. "हात भरून आलेत, पोरी. तू दे."

बाप उभा होता तिथं ती उभी राहिली. जागा ओबेकाकानं दाखवली. शाळेत तिच्या एका आवाजानं अख्खा जिना गप्प व्हायचा आणि नवरा त्यावरून तिला चिडवायचा. तिनं छाती भरून श्वास घेतला. हाच श्वास कुठंतरी अर्धवट राहिला होता असं तिला वाटलं, आणि मग तिनं तो सोडला.

"बस्स, पोरांनो. आलं घर. टेकवा."

आवाज खाडीपार गेला आणि परत आला. काही झालं नाही. गार्लंडनं तोंड फिरवलं. मग घर खाली आलं. आवाज न करता, चारी कोपरे एकदम, झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवावं तसं ते एका पत्त्याएवढं खाली आलं आणि टेकलं. त्यानंतर सगळ्या घरातून एक कुरकुर उठली, तळापासून आढ्यापर्यंत, इतर घरांसारखी. घराला वजन आलं होतं.

सेलिनानं वळून बघितलं. ओबेकाका आपल्या हातांकडे बघत होता. त्यानं बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग सावकाश, विसरलेली गोष्ट आठवून करावी तशी, त्यानं छातीवर हाताची घडी घातली.

"इथं काय उभी राहिलीस," तो तिच्यावर खेकसला. "आत जा. वाढणारं माणूस आत लागतं."

८

ती आत गेली आणि दार उघडं ठेवून चुलीशी उभी राहिली, दाराकडे पाठ करून. जमीन पायाखाली करकरली. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं.

पायरीवर कुणीतरी बूट पुसले. डावा, मग उजवा, चिखल नीट निघावा म्हणून पुन्हा डावा. गार्लंड असेल, असं तिला वाटलं. पण खिडकीतून तिला गार्लंड दिसत होता, फाटकाशी, ओबेकाकाच्या खुर्चीमागे, टोपी छातीशी धरून. पायरीवरचा माणूस आत आला आणि फळी दबली. त्याच्यामागे दुसऱ्यानं बूट पुसले. मग तिसऱ्यानं. कुणी बोलत नव्हतं. दमलेली माणसं जेवायच्या आधी बोलत नाहीत. खोलीत ओल्या लोकरीचा आणि डांबराचा वास भरत गेला. तिच्या मानेवर उभा राहिलेला काटा काही केल्या बसेना, आणि तरी तिला वळून बघावंसं वाटलं नाही. जेवायला आलेल्यांकडे असं टक लावून बघू नये.

तिनं पातेल्यात डोकावलं. तिघांपुरतं सूप. तिनं किटली उचलली आणि पाणी वाढवलं, मग आणखी वाढवलं, मग मीठ घातलं. बूट पुसण्याचा आवाज चालूच होता. ती मोजत होती. एकतिसावा आत आला आणि बाक करकरला.

मग थोडा वेळ गेला. पायरीवर आणखी एक पाऊल वाजलं, जड, सावकाश. ते तिथं थांबलं नाही. उंबरा ओलांडून सरळ आत आलं.

त्यानं बूट पुसले नाहीत. घरच्या माणसानं कशाला पुसावेत.